हाइड केलेला कॉलम

शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला येणाऱ्या मेलबद्दल माझं एक ठाम मत आहे. काम खरंच महत्त्वाचं असतं तर ते सकाळी आलं असतं. सव्वापाचला येतं ते फक्त कुणीतरी दिवसभर विसरलेलं असतं म्हणून. आणि त्या मेलच्या शेवटी हमखास "सोमवारी ऑडिट आहे" असं लिहिलेलं असतं.

गेल्या वर्षीचा तो मेलही असाच आला. कंपनीतल्या सगळ्या युजर्सची यादी एक्सेलमध्ये द्या, सर्व डिटेल्ससह. बस्स, एक ओळ. सर्व डिटेल्स म्हणजे नक्की कुठले, ते कुणी सांगत नाही आणि माझ्यासारखा माणूस विचारतही नाही. हिंजवडीहून निघणारी सहाची बस पकडायची असते ना!

आता हे युजर्सची यादी प्रकरण काय आहे ते आयटीबाहेरच्या मंडळींसाठी जरा सांगतो. (आयटीवाल्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल. पण वाचाच, एक चूक माझ्या पदरात आहे.)

मी लहान असताना आमच्याकडे टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी होती. तिचा मुख्य उपयोग म्हणजे माझी पाटावरची उंची वाढवणे. दुसरा उपयोग फोन नंबर शोधणे. नाव, पत्ता, नंबर. सगळ्या गावाचं, उघड, छापील. ऑफिसात आम्ही जी सांभाळतो तीही डिरेक्टरीच, आणि तिचं खानदानही टेलिफोनवाल्यांचंच. एक्स-५०० नावाचं मानक १९८८ साली आलं ते टेलिफोन आणि मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पुढाकाराने. ते इतकं अवजड होतं की साध्या पीसीवर चालवताना फेस यायचा. मग १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी त्याची हलकी आवृत्ती काढली, तिचं नाव एलडॅप. त्यातल्या 'एल'चा अर्थच मुळी 'हलकं'. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली आणि ती एलडॅप बोलते. आज सकाळी तुम्ही ऑफिसच्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकलात, तर बहुतेक ह्याच डिरेक्टरीने "हो, हा आपलाच माणूस" असं सांगितलं असणार.

ह्यात प्रत्येक माणसाची एक नोंद असते, आणि नोंदीत रकाने. नाव, विभाग, वरिष्ठ कोण, एम्प्लॉयी नंबर, ऑफिसचा फोन, मोबाईल, घरचा फोन, शेवटचं लॉगिन. 'डिस्क्रिप्शन' नावाचाही एक रकाना असतो. त्यात लोक काय वाट्टेल ते लिहितात. मला एकदा तिथे एका खात्याचा चालू पासवर्ड सापडलाय. विसरायला नको म्हणून लिहिलेला. धन्य!

ही यादी बाहेर काढणं म्हणजे पॉवरशेलमध्ये एक ओळ. सगळे युजर घे, अमुक रकाने निवड, सीएसव्हीत टाक. पण ह्या एका ओळीपर्यंत पोचायला मी बऱ्याच ठेचा खाल्ल्या आहेत. पहिल्या नोकरीत वारशाने मिळालेली एक जुनी स्क्रिप्ट चालवली आणि अभिमानाने साहेबांना सांगितलं, "सर, आपल्याकडे बरोब्बर एक हजार युजर्स आहेत." साहेब म्हणाले, "अरे, पगार तर सतराशे जणांना देतो आपण!" लोचा असा की ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका उत्तरात डिफॉल्टने जास्तीत जास्त हजार नोंदी देते. पुढच्या हव्या असतील तर पान उलट असं सांगावं लागतं. स्क्रिप्टला ते कुणी सांगितलंच नव्हतं. नवीन कमांड स्वतःच पानं उलटते, पण तेव्हापासून कुठलाही गोल आकडा दिसला की मला घाम फुटतो.

दुसरी गंमत तारखांची. शेवटचं लॉगिन हा रकाना उघडला तर तारीख नाही, अठरा आकडी संख्या. १ जानेवारी १६०१ पासून किती वेळ गेला, तो शंभर-शंभर नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत मोजलेला. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या आधीपासून हे घड्याळ का चालू आहे? तर ग्रेगरियन कॅलेंडर दर चारशे वर्षांनी फेरी पूर्ण करतं आणि त्यातली एक फेरी १६०१ ला सुरू होते. हिशेबाला सोपं. एक्सेल मात्र पंधरा आकड्यांपलीकडे अचूक राहत नाही, त्यामुळे ती संख्या उघडली की शेवटचे आकडे शून्य करून टाकतं, वर मानभावीपणे तुम्हाला विचारतही नाही. एम्प्लॉयी नंबरपुढची शून्यं तर ते नियमाने खातं. ००४५२ चा ४५२ होतो आणि मग एचआरच्या यादीशी काहीच जुळत नाही.

आणि शेवटचं लॉगिन असे दोन रकाने आहेत बरं का! एक प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरता ठेवतो, दुसऱ्याला सांगत नाही. म्हणजे पुण्याच्या सर्व्हरला विचारलं तर बंगळूरच्या माणसाने सहा महिन्यांत तोंड दाखवलेलं नाही असं दिसतं. दुसरा रकाना सगळीकडे पोचतो, पण तो जुना झाल्याशिवाय बदलतच नाही, नऊ ते चौदा दिवस मागे असू शकतो. हे माहीत नसताना "नव्वद दिवसांत न आलेले" म्हणून खाती बंद केली की सोमवारी सकाळी फोन सुरू होतात.

तर सांगायचा मुद्दा, एवढं सगळं येत असल्यामुळे मी स्वतःला ह्या कामातला दादा समजत होतो. पानं उलटली, तारखा वाचण्याजोग्या केल्या, शून्यं वाचवली. जर्मनीतल्या क्लायंटकडच्या मंडळींच्या नावांतली टिंबंसुद्धा प्रश्नचिन्हं न होता आली. चूक झाली ती ह्या कुठल्याच ठिकाणी नाही.

'सर्व डिटेल्स' म्हटल्यावर मी काय केलं, तर सगळेच रकाने काढले. सोमवारी ऑडिटवाल्यांनी अजून काही मागितलं तर परत चालवायला नको. मग ती अगडबंब शीट बघून वाटलं, हे फार होतंय. घरचा फोन, मोबाईल, पत्ता, हे कशाला दाखवायचं? म्हणून ते कॉलम निवडले, उजवं क्लिक, हाइड. आय नंतर थेट पी. शीट कशी सुटसुटीत, देखणी दिसायला लागली. डिलीट का नाही केले? पुढेमागे लागले तर. एवढंच कारण. आमच्या घरातही आई प्लास्टिकचे डबे ह्याच कारणाने टाकत नाही.

मेल गेला. मी सहाची बस पकडली.

साहेबांनी ती फाइल ऑडिटचं काम बघणाऱ्यांना पाठवली, त्यांनी ती सगळ्या विभागप्रमुखांना, की आपापल्या टीममधले सोडून गेलेले लोक लाल करा. चाळीसेक जण. त्यांच्यातल्या काहींनी ती टीमलीडना पाठवली. माझ्या फाइलचा प्रवास मला नंतर कळला. तेव्हा मी फक्त "थँक्स, गुड जॉब" एवढाच मेल वाचला आणि खूश झालो.

साधारण तीन आठवड्यांनी फायनान्समधल्या एक मॅडम माझ्या डेस्कपाशी आल्या. चाळिशीच्या असतील. आमची ओळख म्हणजे त्यांचा प्रिंटर मी दोनदा चालू करून दिला होता, एवढीच.

"अरे, एक विचारायचं होतं. तिकीट टाकलं नाही मुद्दाम. आपल्या सिस्टीममध्ये माझा मोबाईल नंबर कुणाकुणाला दिसतो?"

मी म्हटलं, "का हो मॅडम, काय झालं?"

"रात्री मेसेज येतात. अनोळखी नंबरवरून. नाव घेऊन. आधी गुड नाइट वगैरे, आता जरा वेगळेच." त्या थांबल्या. "हा नंबर मी दोन वर्षांपूर्वी घेतलाय. घरचे, मुलाची शाळा, बँक आणि एचआर. बाकी कुणाकडेच नाहीये. मुद्दाम नाही दिलेला."

मुद्दाम का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "बघून सांगतो." खरं तर बघायला काही नव्हतं. त्या बोलत असतानाच माझ्या डोळ्यांसमोर ती आय नंतर पी असलेली शीट आली होती. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

त्या गेल्यावर मी फाइल उघडली. कॉलम अनहाइड केले. त्यांच्या ओळीत नंबर होताच. एचआरला 'तातडीच्या संपर्कासाठी' दिलेला नंबर आमच्याच एका जुन्या सिंकने डिरेक्टरीतल्या मोबाईलच्या रकान्यात भरून टाकला होता. ते कधी, कुणी सुरू केलं, हे सांगणारं आता कंपनीत कुणी नाही.

एक्सेलमध्ये हाइड म्हणजे पडदा ओढणं, सामान घराबाहेर नेणं नव्हे. नवीन पद्धतीची एक्सेल फाइल ही मुळात एक झिप असते. नावापुढचं शेपूट बदलून उघडली तर आत साध्या मजकुरात सगळे नंबर दिसतात, कॉलम लपवलेला असो वा नसो. फिल्टर लावून ओळी गायब केल्या तरी त्या फाइलमध्येच असतात. सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं तर लपवलेले कॉलम गुपचूप बरोबर जातात. आणि सगळ्यात बेरकी प्रकार म्हणजे पिव्होट टेबल. तुम्ही मूळ पान उडवून फक्त 'विभागानुसार संख्या' एवढं छोटं टेबल पाठवता, पण पिव्होट आपल्या पोटात मूळ विदेची प्रत ठेवून असतं. समोरच्याने एका आकड्यावर डबल-क्लिक केलं की त्या विभागाची सगळी माणसं नावानिशी नव्या पानावर हजर. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मी दहापैकी दहा मिळवले असते.

ह्याच प्रकारची एक फार मोठी घटना ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये झाली. तेव्हा मी ती बातमी वाचून हसलो होतो, हे आता लिहायला लाज वाटते. तिथल्या पोलिसांना माहितीच्या अधिकाराखाली कुणीतरी साधा प्रश्न विचारला, की कुठल्या हुद्द्यावर किती माणसं आहेत. उत्तर म्हणून एक एक्सेल फाइल गेली आणि ती सार्वजनिक संकेतस्थळावर चढली. मोजणी बरोबर होती. फक्त ज्या यादीवरून ती मोजणी केली, ते पान फाइलमध्येच लपलेलं राहिलं होतं. ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं. काही तासांत फाइल काढली, पण काही तास पुरतात. त्या प्रदेशात पोलिसावर हल्ले झालेले आहेत, मारलं गेलेलं आहे. पोलिसात आहोत हे शेजाऱ्यांना, कधी नातेवाइकांनाही न सांगणारे लोक तिथे आहेत. ती यादी आपल्या हातात आहे असं तिथल्या सशस्त्र गटांनी म्हटलं. पुढे २०२४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्या पोलीस दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला. ज्याने फाइल तयार केली त्या माणसाचा विचार माझ्या डोक्यातून आठवडाभर जात नव्हता. त्यालाही बहुतेक कुणीतरी 'लवकर दे' असं म्हटलं असणार.

मला पळवाट होती. आणि ती अगदी पक्की होती. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत डिफॉल्टने लॉगिन झालेला कुठलाही कर्मचारी दुसऱ्याचा मोबाईल, घरचा फोन वाचू शकतो. ॲडमिन असायची गरज नाही. आमच्याकडे ती परवानगी कुणीच कधी बदललेली नव्हती. म्हणजे तो मेसेजवाला माणूस थेट डिरेक्टरीतूनही नंबर काढू शकला असता. माझ्या शीटमधूनच काढला हे सिद्ध करता येणार नाही. मी मॅडमना सांगू शकलो असतो, "अहो, ते सगळ्यांनाच दिसतं, सिस्टीम तशीच आहे." शब्दन् शब्द खरा. रविवारभर मी हे वाक्य मनात घोळवत होतो. पण अठराशे माणसांत एलडॅपची क्वेरी लिहिणारे असतील पंधरा. कॉलम अनहाइड करता येणारे सगळेच.

घरी जेवताना बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आमच्या वेळी डिरेक्टरीत घरचा पत्तासुद्धा छापलेला असायचा, कुणाला काही वाटायचं नाही." आई पोळी वाढता वाढता म्हणाली, "नाव कुणाचं असायचं त्यात? तुमचंच ना?" बाबा गप्प. मीही.

सोमवारी मी फायनान्सला गेलो. कॉन्फरन्स रूम बुक करण्याएवढा धीर नव्हता, पॅसेजमध्येच बोललो.

"मॅडम, तुमचा नंबर माझ्याकडून गेलाय. म्हणजे, जाण्याची शक्यता आहे." आणि मग सगळं सांगितलं. हाइड, ऑडिट, चाळीस जण. परवानग्यांचंही सांगितलं, पण शेवटी.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चाळीस जणांकडे?"

"चाळीस जणांना गेली फाइल. पुढे किती जणांकडे ते नाही सांगता येत."

"म्हणजे परत नवीन नंबर." त्या बोटांवर मोजायला लागल्या. "बँका दोन. पीएफ. आधार. गॅस. मुलाची शाळा. सोसायटीचा ग्रुप. आईच्या डॉक्टरांकडे दिलाय तो. मागच्या वेळेला चार महिने लागले होते रे मला."

मला काय बोलावं सुचेना. "सॉरी मॅडम," एवढं म्हटलं. त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. मी आपली घरातल्या एकेकावर संशय घेत बसले होते." आणि आत निघून गेल्या.

लेखी कळवायचं ठरवलं तेव्हा साहेब जरा अस्वस्थ झाले. "अरे, तोंडी सांगितलंस ना, झालं की. कागदावर कशाला आणतोस? अप्रेझल तोंडावर आहे." त्यांचं काळजीपोटी होतं हे मान्य. तरी मी पाठवलं. मग अपेक्षित ते सगळं झालं. चौकशी, माझं स्पष्टीकरण, चाळीस जणांना 'फाइल डिलीट करा आणि तसं कळवा' असा मेल. सत्तावीस जणांनी कळवलं. बाकीच्यांनी मेल वाचला की नाही देव जाणे. मेसेज पाठवणारा कोण ते सापडलं नाही. नंबर कंपनीतल्या कुणाच्याही नावावर नव्हता. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला, त्यावर एक तासाचं ट्रेनिंग मात्र सगळ्यांना करावं लागलं. शेवटी दहा प्रश्न होते. सगळ्यांना दहापैकी दहा.

माझ्या हातात होतं ते मी केलं. ते जुनं सिंक बंद केलं, त्याने भरलेले मोबाईलचे रकाने रिकामे केले, वाचण्याची परवानगी आवळली. (आवळल्यावर दोन ठिकाणची ॲप्लिकेशनं बंद पडली आणि शिव्या मला बसल्या, ते वेगळं.) यादीची स्क्रिप्ट बदलली. आता तीत रकान्यांची नावं हाताने लिहावी लागतात, 'सगळे' असा पर्यायच ठेवला नाही. फाइल बाहेर जाण्याआधी एक्सेलचं 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवतो. फाइल मेनूत, इन्फोमध्ये असतं; एक्सेलमध्ये ते २००७ पासून आहे. लपवलेल्या ओळी, कॉलम, पानं दाखवून देतं. मी नोकरीला लागल्यापासून ते तिथेच होतं.

मॅडमनी नंबर बदलला की नाही, मला माहीत नाही. कॅन्टीनच्या रांगेत दिसतात, हसतात. एचआरच्या सिस्टीमवर माझे हक्क आहेत, म्हटलं तर एका ओळीची क्वेरी, दहा सेकंदांचं काम. केलेली नाही.

परवाच्या शुक्रवारी परत मेल आला. पाच वाजून वीस मिनिटं. सगळ्या युजर्सची यादी, सर्व डिटेल्ससह, सोमवारी ऑडिट. मी उलट विचारलं, कुठले रकाने, कशासाठी, कोण बघणार? पाच मिनिटांत उत्तर आलं, "अरे, सगळंच पाठव ना, आम्ही बघून घेऊ."

सहा कॉलम पाठवलेत. बस चुकली.